फिल्टर उघडून पाहताना : इंकस्केपमधील चार प्रयोग

जयंतीचा फलक, वर्षावासाच्या प्रवचनमालेचे पत्रक, लग्नाची पत्रिका, पुण्यानुमोदनाचे निमंत्रण, शाळेची स्मरणिका असे कितीतरी साहित्य आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी छापले जाते. त्यातील अक्षरे थोडी निरखून पाहावीत. कुठे अक्षरांखाली मऊ सावली असते, कुठे भोवती तेजोवलय, तर कुठे पितळेत ओतल्यासारखी झळाळी. छपाईच्या दुकानात या सर्वांना एकच शब्द आहे : ‘इफेक्ट’. ‘जरा इफेक्ट टाका,’ असे ग्राहक म्हणतो आणि संगणकावर बसलेला मुलगा यादीतून एक नाव निवडून बटण दाबतो. या व्यवसायात आपले अनेक माजी विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्या बटणामागे काय घडते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना कोणी समजावून सांगितले असेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. रेखाचित्रे काढण्याच्या एका विनामूल्य सॉफ्टवेअरमधील फिल्टर उघडून त्याचे भाग वाचकांसमोर मांडावेत आणि घरी वा शाळेत करून पाहता येतील असे चार प्रयोग सांगावेत.

साधन कोणते आणि ते कोणाचे?

संगणकावरील चित्रे दोन प्रकारची असतात. मोबाइलने काढलेले छायाचित्र हे लक्षावधी रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ते फार मोठे केले की ठिपके फाकतात आणि चित्र धूसर होते. दुसऱ्या प्रकारात चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर आकारांच्या वर्णनाने साठवले जाते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा, आत हा रंग, कडेला एवढ्या जाडीची रेघ, असे ते वर्णन असते. त्यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. ते टपाल तिकिटाएवढे छापा किंवा वीस फुटी फलकावर छापा, कडा सारखीच धारदार राहते. छपाईच्या दुकानांतून यासाठी कोरेलड्रॉ मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते विकत घ्यावे लागते. हेच काम करणारे इंकस्केप हे सॉफ्टवेअर मात्र कोणालाही विनामूल्य मिळते.

इंकस्केपचा इतिहास छोटा, पण बोलका आहे. राफ लेव्हियन यांच्या ‘गिल’ या कार्यक्रमावरून लॉरिस कॅपलिन्स्की यांनी ‘सोडिपोडी’ तयार केला आणि २००३ मध्ये सोडिपोडीवर काम करणाऱ्या काही जणांनी वेगळी वाट धरून इंकस्केप सुरू केले. त्याची १.० ही आवृत्ती २०२० च्या मे महिन्यात आली. ज्या परवान्याखाली ते दिले जाते, त्यानुसार ते वापरण्याचा, त्याची आतली रचना अभ्यासण्याचा, तीत बदल करण्याचा आणि ते दुसऱ्याला देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. चित्र ज्या एसव्हीजी स्वरूपात साठवले जाते, तेही खुले आहे. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये ते मानक म्हणून जाहीर केले. एसव्हीजी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. विद्या कुलूपबंद ठेवण्याचे परिणाम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहेत. ज्याचे आतले सर्व काही वाचता येते, अशा साधनाचे मोल आपल्याला वेगळे सांगावे लागू नये.

फिल्टर म्हणजे कृतींची साखळी

इंकस्केपच्या ‘फिल्टर्स’ मेनूत शंभरांहून अधिक तयार परिणाम आहेत. सावल्या, उठाव, पोत, लाकूड-धातूसारखे पृष्ठभाग अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. नवख्याने ते एकेक लावून अवश्य पाहावेत. परंतु त्याच मेनूतील ‘फिल्टर एडिटर’ उघडला की खरी गंमत दिसते. प्रत्येक तयार परिणाम हा काही मोजक्या मूलभूत कृती एकापुढे एक जोडून बनवलेला असतो. धूसर करणे, सरकवणे, रंग बदलणे, जाड वा बारीक करणे, प्रकाश टाकणे, दोन चित्रे एकत्र करणे अशा या कृती आहेत. एसव्हीजी मानकाच्या १.१ आवृत्तीत अशा मूलभूत कृतींची संख्या अवघी सोळाच्या आसपास भरते. आपल्या बाराखडीप्रमाणे थोड्या खुणांतून अगणित शब्द, तसा हा प्रकार आहे.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की फिल्टर मूळ आकाराला हात लावत नाही. आकार आत जसाच्या तसा राहतो. पडद्यावर दाखवताना तेवढी साखळी त्याच्यावर चालवली जाते. ‘रिमूव्ह फिल्टर्स’ म्हटले की मूळ आकार पुन्हा समोर येतो. लिहिलेली अक्षरेही अक्षरेच राहतात. फिल्टर लावल्यानंतरही शब्दातील चूक दुरुस्त करता येते. ज्या मुलाला घरी संगणक नाही आणि ‘काही बिघडले तर?’ ही धास्ती ज्याच्या मनात कायम असते, त्याच्यासाठी ही सोय फार मोठी आहे. न बिघडणाऱ्या वस्तूवर प्रयोग करण्याची मुभा त्याला येथे मिळते.

पहिला प्रयोग : सावली

‘प्रज्ञा’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. तो निवडून फिल्टर एडिटरमध्ये नवा फिल्टर तयार करावा आणि तीन कृती क्रमाने जोडाव्यात.

पहिली कृती ‘गॉसियन ब्लर’, म्हणजे धूसर करणे. तिला मूळ रंगीत चित्र न देता ‘सोर्स अल्फा’ द्यावा. अल्फा म्हणजे रंग वगळून उरलेला आकार, अर्थात अक्षराची काळी छाया. धूसरतेचा आकडा ३ ठेवावा. दुसरी कृती ‘ऑफसेट’; तिच्यात उजवीकडे ४ आणि खाली ४ असे आकडे द्यावेत. तिसरी कृती ‘मर्ज’, म्हणजे थर रचणे. खालचा थर सरकवलेली छाया, वरचा थर मूळ अक्षर. सावली तयार झाली.

आता विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारावेत. आधी सरकवले आणि मग धूसर केले तर काय होईल? करून पाहिल्यावर कळते, की फरक पडत नाही. आणि मर्जमधील थरांची अदलाबदल केली तर? सावली अक्षरावर चढते आणि अक्षर मळते. कोणत्या कृतींचा क्रम बदलला तरी चालतो आणि कोणत्यांचा चालत नाही, हा गणितातील महत्त्वाचा धडा येथे डोळ्यांना दिसतो.

याच प्रयोगात सावली फार दूर सरकवली तर ती एका सरळ रेषेत कापल्यासारखी दिसू लागते. त्याचे कारण असे, की फिल्टरला काम करण्यासाठी ठरावीक क्षेत्र दिलेले असते. मानकातील मूळ नियमानुसार ते आकाराच्या चारही बाजूंना दहा-दहा टक्के एवढेच अधिक असते. एडिटरच्या सर्वसाधारण मांडणीत हे क्षेत्र वाढवता येते.

दुसरा प्रयोग : रंगांचे कोष्टक

‘कलर मॅट्रिक्स’ उघडले की वीस आकड्यांचे कोष्टक दिसते आणि पुष्कळ जण तेथूनच मागे फिरतात. वस्तुतः त्याचा अर्थ सोपा आहे. चार ओळी म्हणजे नव्या चित्रातील लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता. प्रत्येक ओळीतील पहिले चार आकडे सांगतात, की जुन्या लाल, हिरव्या, निळ्या आणि अपारदर्शकतेचा किती वाटा घ्यायचा. पाचवा आकडा वरून मिळवायची ठरावीक भर.

पहिल्या तीन ओळींत लाल, हिरवा, निळा यांचे वाटे प्रत्येकी ०.३३ ठेवून पाहावेत. चित्र राखाडी होते, पण शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही रंग एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. आता त्याच जागी ०.२१, ०.७२ आणि ०.०७ हे आकडे घालावेत. हिरवा उजळ दिसू लागतो, निळा गडद होतो आणि चित्र डोळ्यांना अधिक खरे वाटते. मानवी डोळ्याला हिरवा रंग सर्वाधिक उजळ आणि निळा सर्वांत कमी उजळ भासतो, हे त्यामागचे कारण. दोन्ही वेळा तिन्ही वाट्यांची बेरीज जवळपास १ आहे, याकडेही लक्ष वेधावे. बेरीज १ पेक्षा बरीच कमी असेल तर पांढरा कागदही मळकट दिसेल.

याचा व्यवहारातील उपयोग लगेच सांगता येतो. लाल पार्श्वभूमीवर गडद हिरवी अक्षरे पडद्यावर उठून दिसतात. परंतु त्याच पत्रकाची झेरॉक्स काढली, की दोन्ही रंग सारखेच राखाडी होऊन मजकूर नाहीसा होतो. ज्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट दिसत नाही, अशांनाही ते वाचणे अवघड जाते. पत्रक छापण्यापूर्वी हा फिल्टर क्षणभर लावून पाहावा. अक्षरे वाचता आली तर रंगसंगती योग्य समजावी.

तिसरा प्रयोग : खडबडीत कडा

संगणकाने काढलेली कडा अति गुळगुळीत असते. भिंतीवर कुंचल्याने लिहिलेल्या किंवा लाकडी ठशाने छापलेल्या अक्षराची कडा तशी नसते. तो जिवंतपणा आणण्यासाठी दोन कृती लागतात. ‘टर्ब्युलन्स’ ही ढगांसारखा अनियमित पोत निर्माण करते आणि ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ त्या पोताच्या आधारे चित्रातील ठिपके इकडेतिकडे सरकवते.

टर्ब्युलन्सचा मूळ वारंवारिता हा आकडा ०.०५ आणि थरांची संख्या ३ ठेवावी. डिस्प्लेसमेंट मॅपला पहिले चित्र मूळ अक्षर, दुसरे चित्र हा पोत द्यावा. आडव्या सरकण्यासाठी पोतातील लाल आणि उभ्या सरकण्यासाठी हिरवा रंग निवडावा. प्रमाण ६ ठेवावे. पोतातील रंगाचे मूल्य ० ते १ असते. ०.५ असेल तेथे ठिपका जागेवर राहतो, त्याहून कमी-अधिक असेल तेथे एका वा दुसऱ्या बाजूला सरकतो. वारंवारिता ०.०१ केली तर अक्षर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे लहरते, ०.३ केली तर कडेला बारीक रवा सुटतो.

या पोताच्या मागे केन पर्लिन यांचे काम आहे. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी काम केल्यानंतर, संगणकाची चित्रे फार यांत्रिक दिसतात या असमाधानातून त्यांनी ही पद्धत शोधली. १९८५ मध्ये ती त्यांनी शोधनिबंधात मांडली आणि १९९७ मध्ये त्यांना तिच्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. हा पोत अनियमित दिसतो, पण ‘सीड’ हा आकडा तोच ठेवला तर तो दरवेळी तंतोतंत तसाच येतो. गोंधळ वाटणाऱ्या गोष्टीलाही कारण असते आणि कारण तेच असेल तर परिणामही तोच येतो, हे विद्यार्थी येथे स्वतः पडताळून पाहू शकतो.

चौथा प्रयोग : तिरपा प्रकाश

इतिहासाचे शिक्षक म्हणून हा प्रयोग आम्हांला विशेष प्रिय आहे. कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथील लेण्यांत दात्यांचे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट येथील सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंधिकाचे नाव येते. झिजलेले लेख समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात नीट दिसत नाहीत. बाजूने तिरपा प्रकाश टाकला, की खाचांच्या कडा उजळतात आणि अक्षर उमटते. लेख वाचणारे अभ्यासक ही युक्ती नेहमी वापरतात.

इंकस्केपमधील ‘डिफ्यूज लाइटिंग’ हेच करते. ती अल्फाला उंची समजते : जेथे आकार भरीव, तेथे उंचवटा, जेथे रिकामा, तेथे सपाटी. म्हणून आधी सोर्स अल्फा २ या आकड्याने धूसर करावा, म्हणजे कडांना उतार मिळतो. मग त्यावर डिफ्यूज लाइटिंग लावून ‘डिस्टंट लाइट’, म्हणजे सूर्यासारखा दूरचा प्रकाश निवडावा. त्याची दिशा २२५ अंश आणि उंची ३० अंश द्यावी. पृष्ठभागाचे प्रमाण ५ ठेवावे. शेवटी ‘कॉम्पोझिट’मध्ये ‘इन’ निवडून हा प्रकाश मूळ अक्षराच्या आकारापुरता कापून घ्यावा.

आता प्रकाशाची उंची ९० अंश करावी, म्हणजे भर माध्यान्हीचा सूर्य. सपाट भाग पूर्ण उजळतो आणि उठाव पुष्कळसा हरवतो. ३० अंशांवर परत आणताच सपाट भागाची उजळता निम्म्यावर येते आणि प्रकाशाकडे तोंड केलेल्या कडा झळकतात. मग दिशा २२५ ऐवजी ४५ करावी. प्रकाश डावीकडून-वरून येण्याऐवजी उजवीकडून-खालून येतो आणि उठावाचे अक्षर एकाएकी खोल कोरल्यासारखे भासू लागते. प्रकाश वरूनच येतो, असे आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे हा भास होतो. आकार तोच असतो. बदलते ते आपले वाचन.

ब्राह्मी लिपीला युनिकोडमध्ये २०१० साली स्थान मिळाले असून ‘नोटो सान्स ब्राह्मी’ हा विनामूल्य फॉन्टही उपलब्ध आहे. त्यामुळे वर्गासाठी लेखाची प्रतिकृती करणे सहज शक्य आहे. टर्ब्युलन्सवर डिफ्यूज लाइटिंग लावले, की मागची दगडी पार्श्वभूमीही तयार होते. मात्र अशा चित्राखाली ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळकपणे लिहावा, असा आमचा आग्रह आहे. संगणकावर अर्ध्या तासात तयार होणारा ‘शिलालेख’ मोबाइलवरून फिरू लागला, की त्याला पुरावा मानणारे भेटतातच. ज्यांचा इतिहास दडपला गेला, त्यांनी तर पुरावा आणि कल्पना यांच्यातील रेषा अधिक काटेकोरपणे जपली पाहिजे. असे चित्र स्वतः करून पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्याने पाठवलेल्या चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, हाही या प्रयोगाचा लाभच आहे.

देवनागरीची पथ्ये

फिल्टरांविषयीची पुस्तके व धडे बहुधा रोमन अक्षरे समोर ठेवून लिहिलेले असतात. आपल्या लिपीला काही वेगळी पथ्ये पाळावी लागतात. ‘मॉर्फोलॉजी’ या कृतीने अक्षर बारीक करू गेल्यास अनुस्वाराचा ठिपका सर्वांत आधी नाहीसा होतो आणि ‘वंदन’ चे ‘वदन’ होते. तीच कृती अक्षर जाड करण्यासाठी वापरली तर पोकळ्या भरतात. ब आणि व, प आणि ष यांतील भेद पुसला जातो आणि ‘वाद’ हा ‘बाद’ वाचला जाण्याची पाळी येते. डिस्प्लेसमेंटचे प्रमाण वाढवले, की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटी अक्षरे वाटू लागतो. म्हणून शीर्षकापुरता परिणाम वापरावा. मजकुराच्या ओळींना फिल्टर लावू नये.

फॉन्ट युनिकोडचाच घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि शीर्षकांना शोभतात. जोडाक्षरे नीट जुळतात की नाही, हे फिल्टर लावण्यापूर्वीच तपासावे.

छपाईला देण्यापूर्वी

आकार व्हेक्टर असला तरी फिल्टरचे गणित शेवटी ठिपक्यांवरच चालते. त्यामुळे पीडीएफ करताना फिल्टर लावलेले भाग ठिपक्यांच्या चित्रात रूपांतरित होतात. किती बारीक ठिपके हवेत, हे त्या वेळी विचारले जाते. हातात धरून वाचायच्या छापील कागदासाठी तो आकडा ३०० ठेवावा. दूरून पाहायच्या मोठ्या फलकासाठी एवढ्या बारकाईची गरज नसते, तेथे छपाईवाल्याला विचारून आकडा ठरवावा. जुन्या संगणकावर मोठी धूसरता आणि टर्ब्युलन्स यांमुळे काम मंदावते. अशा वेळी ‘व्ह्यू’ मेनूतील ‘डिस्प्ले मोड’मध्ये ‘नो फिल्टर्स’ निवडून काम करावे आणि शेवटी फिल्टर पुन्हा दाखवावेत.

प्रयोगाची शिस्त

प्रयोग आणि चाळा यांत अंतर आहे. दहा आकडे एकदम फिरवले आणि काहीतरी सुंदर दिसले, तर त्यातून डोळ्यांना आनंद मिळतो. पण ते पुन्हा करता येत नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना तीनच नियम सांगतो. एका वेळी एकच आकडा बदला. बदलण्यापूर्वी काय होईल, ते वहीत लिहा. नंतर प्रत्यक्ष काय झाले, तेही लिहा. अंदाज आणि अनुभव यांत जेथे अंतर पडते, तेथेच शिकणे सुरू होते. वहीची ती पाने भरली, की विद्यार्थ्याला तयार यादीची गरज उरत नाही. ग्राहकाने वर्णन केलेला परिणाम तो स्वतः रचू शकतो.

पालकांना आमचे एवढेच सांगणे, की मुलगा किंवा मुलगी संगणकावर रंगीत अक्षरांशी खेळताना दिसली, तर वेळ वाया जातो असे लगेच समजू नये. ‘हे कसे झाले?’ असे एकदा विचारून पाहावे. उत्तर ‘बटण दाबले’ असे आले, तर फिल्टर एडिटर उघडायला सांगावे. छपाई व रचनेच्या व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या संगणक कक्षात येऊन दोन तास द्यावेत आणि आपल्या हातचे कसब धाकट्या भावंडांपुढे उलगडून दाखवावे, ही विनंती. कार्ल्याच्या त्या सुताराचे नाव दगडावर राहिले, ते त्याने आपले काम आपल्या नावाने दिले म्हणून. आपल्या मुलांच्या हातूनही असे काम घडावे, ज्याची प्रत्येक पायरी त्यांना सांगता येईल आणि ज्याखाली त्यांना स्वतःचे नाव लिहिता येईल.